चोवीस

ड्यूटीला जाताना तो एसीचा रिमोट
शर्टाच्या खिशात घालून न्यायचा,
पेन न्यावं तसा.
ऑगस्ट. गुदैबियातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर.
खिडकीला बाहेरून धूळ, आतून फॉइल.

इथे उन्हाळ्यात निळ्या नळाला कढत पाणी येतं,
टाकी गच्चीवर तापते म्हणून.
गार हवं तर गीझर बंद ठेवायचा
आणि लाल नळ सोडायचा.
शेजारच्या मलबारी बाईंनी शिकवलं हे.
बाकीचं उलटं मी आपलं आपण शिकले:
तो हळू आवाजात बोलला
की भिंतीकडे सरकायचं.

आई फोनवर म्हणायची, अगं, भांड्याला भांडं लागतंच.
लागतं.
पण मग पोचा दोन्ही भांड्यांना यायला हवा ना?
हे तिला म्हणाले नाही.
बॅलन्स संपत आलाय म्हणाले.

मुहर्रकला, खुब्जच्या भट्टीमागच्या गल्लीत
पाटी नसलेलं एक घर आहे.
किती वाजता पोचले आठवत नाही.
भट्टी पेटत होती, म्हणजे पहाट असणार.
एका पायात त्याची चप्पल, एका पायात माझी.
दार उघडणाऱ्या बदरियाबाईंनी
काय झालं, असं विचारलं नाही.
चहात साखर किती, विचारलं.
मी म्हटलं, कितीही.

खोलीत चौघी.
मारिविकला एसी अठरावर हवा.
त्सेहायच्या बाळाला खोकला, तिला सत्तावीस.
झैनब इथलीच, ती भिंतीकडे तोंड करून निजायची.
आणि तुला?
कितीही चालेल.
"कितीही हा काही आकडा नाही," मारिविक म्हणाली
आणि रिमोट माझ्या उशीशी ठेवून दिला.
रात्रभर मी त्याला हात लावला नाही.
विंचवासारखा बसून होता तो.

मंगळवारी वकीलबाई यायच्या.
मला आठवायचं मराठीत, मी सांगायची हिंदीत,
कागदावर ते अरबीत उतरायचं, उजवीकडून डावीकडे,
आणि पुन्हा हिंदी होऊन माझ्याकडे यायचं.
एकदा वाचताना ऐकलं: नवऱ्याने ढकललं.
थांबा, मी म्हटलं.
ढकललं नाही. आपटलं.
दुभाषी म्हणाला, त्यात काय फरक?
टेबलावरची खजुराची डबी मी आधी ढकलली.
मग उचलली.
वकीलबाई म्हणाल्या, राहू दे, कळलं,
आणि ती ओळ खोडून नव्याने लिहिली.

झैनब मधेच नवऱ्याकडे परत गेली.
सतरा दिवसांनी आली.
तिची गादी कुणी गुंडाळली नव्हती.
बदरियाबाईंनी विचारलं, साखर तेवढीच ना?

पासपोर्ट चोपन्न दिवसांनी हातात आला.
त्या रात्री मारिविकने अठरा केलं,
त्सेहायने सत्तावीस,
आणि मी अंधारात म्हणाले, चोवीस.
काय?
चोवीस! माझेही पाय गारठतात, मलाही घाम येतो,
मीही इथेच झोपते!
मराठीतच ओरडले बहुतेक.
अंधारातून काहीतरी भिरभिरत आलं.
मी डोक्यावर दोन्ही हात घेतले.

उशी होती.

मी ती परत दिली नाही.
दोन उश्यांवर झोपले,
आणि मारिविक पहाटेपर्यंत तिच्या भाषेत
मला शिव्या घालत राहिली.
भांड्याला भांडं.
आईला सांगायला हवं.

आता मी दवाखान्याच्या धुलाईत चादरी मोजते.
सितरात एक खोली, भाडं जड जातं,
केसची तारीख पुढे पुढे सरकते.
परवा रिमोट चालेना.
खाली कोल्ड स्टोअरमध्ये जाऊन सेल आणले,
दुकानदाराशी पंचवीस फिल्ससाठी हुज्जत घातली.
वर येऊन चोवीस लावलं.
रात्री थंडी वाजली.
उठले, पंचवीस केलं,
पांघरूण पायाने लोटलं,
पुन्हा ओढून घेतलं.